क्रेडिट निघालं पेन्शनमधून

एम.ए.ला प्रवेश घेतलेला विद्यार्थी आज पुस्तकांआधी क्रेडिट मोजतो. महाराष्ट्रात दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला 88, म्हणजे सत्राला 22. पंधरा तास शिकवलं की एक क्रेडिट. प्रात्यक्षिक असेल तर तीस तासांना एक. हा हिशेब कुणा शिक्षणतज्ज्ञाने बसवला असेल असं वाटतं, पण त्याचं मूळ आहे अमेरिकी प्राध्यापकांच्या पेन्शनमध्ये.

तासांची मोजदाद थोडी आधीची. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी विद्यार्थ्यांना विषय निवडू दिले आणि जो तो वेगळं शिकू लागला; मग पदवी द्यायची कशाच्या बळावर? तास मोजून. पण सगळ्यांसाठी एकच माप आणलं ते पैशाने. पोलादाचे धनी अँड्र्यू कार्नेगी कॉर्नेल विद्यापीठाचे विश्वस्त होते. प्राध्यापकांचे तुटपुंजे पगार त्यांनी तिथे पाहिले आणि 1905मध्ये पेन्शनसाठी एक कोटी डॉलर देऊन प्रतिष्ठान काढलं. अडचण अशी की त्या काळी हायस्कुलाच्या तोडीची संस्थाही कॉलेज म्हणून मिरवायची. मग अटी आल्या: किमान सहा पूर्णवेळ प्राध्यापक हवेत, धर्मपंथाची मालकी नको, आणि प्रवेश घेणाऱ्याने हायस्कुलात 14 ‘युनिट’ पुरे केलेले असावेत. युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षाकाठी 120 तास. पेन्शनसाठी प्राध्यापकाला पदरचं काही घालावं लागत नव्हतं. अशी अट कोण मोडणार?

पुढे 1910मध्ये याच प्रतिष्ठानासाठी मॉरिस कुक या अभियंत्याने अहवाल लिहिला. कारखान्यात कामगाराच्या हालचाली मोजणाऱ्या फ्रेडरिक टेलरचा हा चेला. आठ संस्थांतले भौतिकशास्त्र विभाग तपासून त्याने ‘विद्यार्थी-तास’ हे माप सुचवलं. शिकवण्याचा खर्च किती येतो, एवढंच त्याला काढायचं होतं. विद्यार्थ्याला काय आलं, हा प्रश्न त्याच्या कामाचाच नव्हता. प्रतिष्ठानानेही 2015च्या अहवालात कबूल केलं की तासांवर बेतलेलं त्यांचं ‘युनिट’ शिकणं मोजायला बनवलेलंच नाही.

गंमत म्हणजे त्याच 2015मध्ये आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाने निवडीवर आधारलेल्या क्रेडिट पद्धतीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. 2021पासून क्रेडिटची बँकही आहे: एका विद्यापीठात कमावलेलं खात्यात जमा, दुसरीकडे वापरायची मुभा. मात्र ही ठेव जास्तीत जास्त सात वर्षंच टिकते. नोकरी सांभाळून एम.ए. करणाऱ्याने पहिल्या सत्रालाच ही मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवावी.