टाळ थांबत नाही तेव्हा : आरफळचे हैबतबाबा आणि वारीची लय

१/ आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांच्या पादुकांना नीरेचे स्नान घडते आणि पालखी सातारा जिल्ह्यात प्रवेश करते. पुढे लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम. सोबत लाखो माणसे. एवढ्या समुदायाला एका गतीने चालवते कोण? या प्रश्नाचे उत्तर साताऱ्याजवळच्या आरफळ गावात सापडते.

२/ हैबतराव पवार आरफळकर हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. त्यांनी लष्करी चाकरी सोडली आणि आळंदीत माउलींच्या सेवेत उरलेले आयुष्य घालवले. १८३२च्या सुमारास त्यांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप दिले. आळंदीच्या महाद्वारातील पायरी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

३/ काळ लक्षात घ्यावा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली होती. साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज होते, पण कंपनी सरकारच्या देखरेखीखाली. फौजा विखुरल्या होत्या. अशा वेळी एका माजी सरदाराने हजारो निःशस्त्र माणसांची रचना उभी केली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी तिला घोडे आणि तंबू पुरवले. ते अश्व आजही मिरज, सांगली, सातारा असे मजल-दरमजल करीत आळंदीस पोहोचतात.

४/ दिंडीची मांडणी पाहण्यासारखी आहे. पुढे पताकाधारी, मागे टाळकऱ्यांच्या रांगा, मध्यभागी मृदंग, शेवटी विणेकरी आणि त्यामागे तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया. मृदंग मध्यभागी असल्याने त्याचा ठेका दोन्ही बाजूंच्या रांगांना सारखाच ऐकू येतो. प्रत्येक दिंडीची स्वतःची लय आणि प्रत्येक दिंडीचे ठरलेले स्थान. रथापुढे सत्तावीस मानाच्या दिंड्या, उरलेल्या मागे.

५/ भजनी ठेका आठ मात्रांचा. पाऊल एका मात्रेला पडो वा दोन मात्रांना, आठ हा आकडा चाराच्या पटीत असल्याने प्रत्येक आवर्तनाची सम त्याच पायावर येते. सात मात्रांच्या रूपकात दर मात्रेला पाऊल टाकले, तर दर आवर्तनाला सम पाय बदलते. चालणाऱ्या शरीराला आठ मात्रा का मानवतात, याचे साधे गणित हे आहे.

६/ ठेक्यावर टाळी देणारी माणसे बहुधा ठोक्याच्या किंचित आधीच हात आपटतात, असे मानसशास्त्रातील प्रयोगांत वारंवार दिसले आहे. कारण मेंदू ठोका ऐकून हलत नाही, तो पुढच्या ठोक्याचा अंदाज बांधतो. म्हणजे लयीत चालणारा माणूस शेजाऱ्याच्या पुढच्या पावलावर आधीच विश्वास टाकून बसलेला असतो.

७/ विल्टरमथ आणि हीथ या संशोधकांनी २००९ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. एकत्र पाऊल मिळवून चाललेल्या अनोळखी व्यक्तींनी नंतरच्या कामात परस्परांना अधिक सहकार्य केले. इतिहासकार विल्यम मॅकनील यांनी १९९५ च्या ग्रंथात हेच सूत्र कवायत आणि नृत्य यांच्या इतिहासातून मांडले होते.

८/ लष्कराने ही शक्ती फार पूर्वी ओळखली होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस नेदरलंड्समध्ये मॉरिसने कवायत रुजवली. १७८० च्या दशकात द बॉय्न याने महादजी शिंद्यांसाठी त्याच पद्धतीची पलटणे उभारली. हैबतबाबा त्या पलटणींत होते असे म्हणण्याचे कारण नाही. पण ज्या दरबारात त्यांनी चाकरी केली, तेथे शिस्त म्हणजे काय हे सर्वांनी पाहिले होते.

९/ तरीही वारी म्हणजे कवायत नव्हे, आणि फरक मुक्कामावर कळतो. संध्याकाळी समाजआरतीसाठी दिंड्या तळावर गोलाकार उभ्या राहतात. टाळांचा गजर चालू असतो. चोपदार चोप उंचावतो आणि क्षणात सारे शांत होते.

१०/ पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ थांबवत नाही. त्या निःशब्द तळावर तेवढाच एक आवाज वाजत राहतो. चोपदार तेथे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, त्याचा निवाडा होतो. मग टाळ थांबतात. हरवले-सापडले सांगितले जाते, उद्याच्या प्रस्थानाची वेळ जाहीर होते आणि आरती होते.

११/ पलटणीत पाऊल चुकवणाऱ्याला शिक्षा होते. येथे इतरांबरोबर न थांबणे हाच दाद मागण्याचा मान्य मार्ग आहे. त्यासाठी लिहिता येण्याची गरज नाही, अर्जाची नाही, कोणाच्या ओळखीची नाही. हातातला टाळ पुरतो, आणि लाखोंची आरती एका दिंडीसाठी खोळंबते.

१२/ लय माणसांना जोडते, तशी ती माणसांना एका साच्यातही कोंबते. विसाव्या शतकातल्या हुकूमशाही संचलनांनी ते जगाला दाखवले. एका सुरात चालणारा समुदाय निकोप आहे का, हे ओळखायचे असेल तर एवढेच पाहावे : एखाद्याने टाळ चालू ठेवला, तर त्याच्याकडे कोणी चालत जाते का?