माहेरचे नाते व मुलांचे विवाह (अक्कलकोट परिसर)

आईवडिलांचे आपापल्या भावंडांशी असलेले संबंध, विशेषतः आईची माहेरची ओढ, यांचा मुलांच्या विवाहावर होणारा परिणाम. सोलापूर जिल्ह्यातील अक्कलकोट तालुका कलबुर्गी जिल्ह्याला लागून आहे आणि येथे मराठी व कन्नड दोन्ही भाषा बोलल्या जातात. हा तालुका कर्नाटकास द्यावा, ही महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरील महाजन आयोगाची १९६७ सालची शिफारस अमलात आली नाही. सोयरिकी जुळवणाऱ्यांना त्या वादाशी फारसे कर्तव्य नव्हते.

उत्तर भारतात जवळच्या नात्यातील लग्न बहुतेक हिंदू जातींना वर्ज्य, तर दक्षिणेत पसंतीचे. महाराष्ट्र या दोहोंच्या सांध्यावर असल्याचे इरावती कर्वे यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ (१९५३) या ग्रंथात दाखवले. मराठा व इतर अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची चाल आहे. आत्याची मुलगी करणे तितकेसे मानवत नाही. मातुलकन्येशी विवाह हा दक्षिणेकडील आचार असल्याची नोंद बौधायन धर्मसूत्रातही सापडते. कन्नड मुलखात काही जातींत मामा सख्ख्या भाचीशीही लग्न करतो.

बहीण भावाची मुलगी सून म्हणून मागते, तेव्हा तिचे स्वतःचे माहेरही पुढच्या पिढीपर्यंत टिकते. ‘पोरगी घरातच राहते’, असे म्हणून बोलणी उरकतात. सासू आत्याच असल्याने सासुरवास होत नाही, ही समजूत अर्धीच खरी. आत्या-भाचीचे बिनसले, तर मुलीच्या बापाला आपल्या बहिणीविरुद्ध बोलावे लागते. तो सहसा बोलत नाही. बोललाच, तर नवरा-बायकोचे भांडण भावा-बहिणीचे होते आणि पंचमी-दिवाळीचे येणेजाणे थांबते. बालपणी आईवडिलांशी जुळलेल्या बंधाचा माग प्रौढपणीच्या प्रेमात शोधणारी मानसशास्त्रज्ञ हेझन व शेव्हर यांची मांडणी (१९८७) प्रसिद्ध आहे. नात्यातील लग्नात मात्र आईचे तिच्या भावाशी कसे आहे, हेही पाहावे लागते.

हिंदू विवाह कायद्याने (१९५५) मामा-भाची आणि आते-मामे भावंडे यांचे विवाह निषिद्ध ठरवले, पण रूढी असल्यास मुभा ठेवली. या भागातील बरीच लग्ने त्या मुभेवरच उभी आहेत.

अलीकडे भावा-बहिणीच्या नात्याला जमिनीची धार आली आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा दिला. तरीही अनेक बहिणी भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून देतात. त्याला प्रेम म्हटले जाते; माहेरचे दार उघडे ठेवण्याची ती किंमतही असते. वाटा मागणाऱ्या बहिणीच्या मुलाला मामाची मुलगी मिळणे अवघड. उलट, सही केलेल्या बहिणीने सून मागितली की भावाला नाही म्हणणे जड जाते, मुलीची इच्छा असो वा नसो.