निकोडेमस : एका चौकोनी गांवाची शिरगणती

अमेरिकेचा नकाशा पाहूं लागलें म्हणजे ओहायो प्रांतापासून पश्चिमेस एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. नद्या वांकड्या, वाटाही पूर्वीं वांकड्याच असतील. परंतु गांवांच्या सीमा मात्र पट्टीनें आंखलेल्या! १७८५ सालच्या कायद्यानें असें ठरविलें कीं, नव्या मुलखाचे सहा मैल लांब व सहा मैल रुंद असे चौकोन पाडावे, प्रत्येकाचे छत्तीस भाग करावे, व त्यांपैकीं सोळावा भाग शाळेसाठीं राखावा. या चौकोनास टाउनशिप म्हणतात. तेथें आधीं सीमा ठरली, वस्ती मागाहून झाली. मूळच्या इंडियन लोकांची वस्ती मात्र या हिशेबांत कोणीं धरली नाहीं.

कॅन्सस प्रांतांतील निकोडेमस हें अशाच मुलखांतलें एक गांव. सॉलोमन नदीच्या दक्षिण फांट्याजवळ, शंभराव्या रेखांशाच्या किंचित् पूर्वेस तें वसलें आहे. या रेखांशाच्या पलीकडे पाऊस भरंवशाचा नाहीं, आणि अलीकडेही वर्षास सुमारें वीस-बावीस इंचच पडतो. १८७७ सालीं केंटकी प्रांतांतून सुमारें तीनशें कृष्णवर्णीय माणसें येथें आलीं. गुलामगिरी सुटून पुरतीं बारा वर्षेंही झालेलीं नव्हतीं. त्यांच्या मनांत जें गांव होतें त्याचा तेथें मागमूस नव्हता. लांकूड नाहीं, म्हणून जमिनींत खड्डे खणून तींच घरें केलीं. पहिल्या हिंवाळ्यांत शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनीं अन्न दिलें, अशी आठवण तेथील घराण्यांत सांगतात. कित्येक स्त्रिया तें माळरान पाहून रडल्या. कांहीं कुटुंबें परत गेलीं. जीं राहिलीं त्यांनीं देवळें व शाळा उभारली, आणि गांवचे एक रहिवासी एडवर्ड मॅककेब हे १८८२ सालीं प्रांताचे हिशेबतपासनीस म्हणून निवडून आले.

सरकारी कायद्यानें कुटुंबास १६० एकरांपर्यंत जमीन मिळवितां येई. ओहायोच्या ओल्या जमिनींत तेवढे पुष्कळ; येथें ते अपुरे. मोजणीदाराच्या सांखळीस पाऊस मोजतां येत नाहीं, हें त्या कायद्याचें मोठें वैगुण्य होय, असें आम्हांस वाटतें. तरीही गांव तगलें असतें. परंतु १८८८ सालीं आगगाडीचा रस्ता नदीच्या दक्षिणेकडून गेला. दुकानदारांनीं दुकानें उचलून कांहीं मैलांवरील बोग या स्टेशनाकडे नेलीं. पुढें १९३० नंतरच्या दशकांत धुळीचीं वादळें आलीं व शेतें उडालीं. १९५३ सालीं टपालकचेरीही बंद झाली.

२०२० च्या शिरगणतींत येथें अवघीं चौदा माणसें भरलीं. १९३९ सालीं बांधलेली दगडी टाउनशिप-कचेरी, जिला आपण चावडी म्हणूं, ती मात्र उभी आहे; १९९६ सालीं हें गांव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरलें. दर वर्षीं जुलैच्या अखेरीस मुक्तीचा उत्सव होतो. त्या वेळीं दूरदूरच्या शहरांतून जुन्या घराण्यांचे वंशज शेंकड्यांनीं येतात, पूर्वजांच्या थडग्यांपाशीं उभे राहतात, मिरवणूक काढतात, आणि आपण निकोडेमसचे असें सांगतात. पण शिरगणतीचा दिवस १ एप्रिल, आणि तींतला प्रश्न ‘आपण राहतां कोठें’ एवढाच असतो.