'कोणी? कधी?' : याइर लापिड आणि विरोधकांची साक्ष

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी टिपणवहीत मोठ्या आत्मविश्वासाने एक वाक्य लिहिलं होतं : 'उजवे त्यांना डावे म्हणतात आणि डावे त्यांना उजवे म्हणतात, म्हणजे याइर लापिड हे मध्यममार्गी नेते आहेत.' गाईडनी त्याखाली पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले : 'कोणी? कधी?' आजची पोस्ट त्या दोन शब्दांबद्दल आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. लापिड पत्रकार आणि टीव्ही निवेदक होते. 2012 मध्ये त्यांनी 'येश अतीद' हा पक्ष काढला आणि जानेवारी 2013 च्या निवडणुकीत 19 जागा मिळवल्या. 2020-21 मध्ये आणि पुन्हा 2023 पासून ते विरोधी पक्षनेते झाले. इस्रायलच्या संसदेत, म्हणजे क्नेसेटमध्ये, 120 जागा असतात आणि आजवर एकाही पक्षाला स्वबळावर 61 मिळालेल्या नाहीत. म्हणजे आजचा विरोधक उद्याचा भागीदार होऊ शकतो. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

पहिला साक्षीदार : हरेदी, म्हणजे कर्मठ ज्यूंचे पक्ष. याइर यांचे वडील टॉमी लापिड धर्मसत्तेचे कडवे टीकाकार होते. त्यांच्या 'शिनुई' पक्षाने 2003 मध्ये 15 जागा जिंकल्या होत्या. त्यामुळे हरेदी पक्षांनी मुलाकडे पाहिलं ते बापाचा वारसदार म्हणूनच. खरं तर येश अतीदच्या 2013 च्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर शाय पिरोन हे रब्बी होते. तरीही ती प्रतिमा बदलली नाही, कारण भांडण केवळ प्रतिमेचं नव्हतं. धर्मशाळांतल्या विद्यार्थ्यांना लष्करी सेवेतून मिळणारी सूट हा खरा मुद्दा होता. 2013 च्या सरकारातून हरेदी पक्ष बाहेर राहिले आणि 2014 मध्ये सूट कमी करणारा कायदा झाला. 2015 च्या निवडणुकीनंतर ते सत्तेत परतले आणि त्याच वर्षी तो कायदा सौम्य झाला. हितसंबंध तेच राहिले, म्हणून साक्षही तीच राहिली.

दुसरा साक्षीदार याच्या अगदी उलट. उजव्या गटातले नफ्ताली बेनेट 2013 मध्ये लापिड यांच्याशी इतकी घट्ट युती करून होते की दोघांना 'भाऊ' म्हटलं जाई. पण मार्च 2021 मध्ये, मतदानाच्या तोंडावर, बेनेट यांनी टीव्हीवर कागदावर सही करून सांगितलं की मी लापिड यांना पंतप्रधान होऊ देणार नाही, आळीपाळीनेसुद्धा नाही. साधारण बारा आठवड्यांनी, 13 जूनला, दोघांनी मिळून 60 विरुद्ध 59 मतांनी सरकार आणलं. पंतप्रधानपद आळीपाळीनेच ठरलं! 17 जागांच्या लापिड यांनी पहिली पाळी 7 जागांच्या बेनेट यांना दिली. या बारा आठवड्यांत लापिड यांचे विचार बदलले का? नाही. बदललं ते गणित.

लिकुडचंही तसंच. नेतान्याहू यांनीच 2013 मध्ये लापिड यांना अर्थमंत्री केलं आणि डिसेंबर 2014 मध्ये बडतर्फही केलं. 2021 च्या सरकारात बेनेट आणि लिकुडमधूनच बाहेर पडलेले गिडोन सार असूनही नेतान्याहू त्याला डाव्यांचं सरकार म्हणत होते. तेव्हा लिकुडच्या तोंडी 'डावा' या शब्दाचा अर्थ बऱ्याचदा 'आमच्या छावणीबाहेरचा' एवढाच असतो.

आता डावे. 2012 मध्ये लापिड यांनी आपला राजकीय कार्यक्रम मांडला तो वेस्ट बँकमधल्या एरिएल या वसाहतीत. डाव्यांना हे खटकणारच होतं. पण 2022 नंतरची तक्रार निराळी आहे : येश अतीद 17 वरून 24 वर गेला आणि मेरेत्झ 3.25 टक्क्यांची अट न गाठल्याने क्नेसेटबाहेर फेकला गेला. मोठ्या माशाने लहान मासा गिळला, असं हे म्हणणं. दुसऱ्या बाजूला हेही नोंदलेलं आहे की लापिड यांनी मजूर पक्ष आणि मेरेत्झला एकत्र लढायला सांगितलं होतं आणि मजूर पक्षाच्या मेराव मिखाएली यांनी नकार दिला होता.

अरब पक्षांबाबत तर 'त्यांचं मत' असं एकवचन लिहूच नका. 2013 मध्ये हनीन झोआबी यांचं नाव घेऊन लापिड यांनी अरब खासदारांची साथ झिडकारली, याचा राग टिकून राहिला. तरी 2021 मध्ये मन्सूर अब्बास यांचा 'राम' पक्ष त्यांच्या आघाडीत आला. 'जॉइंट लिस्ट' मात्र सरकारबाहेरच राहिली.

मग यातून आपण काय घ्यायचं? विरोधकाचं विधान हा लापिड यांच्याबद्दलचा पुरावा नंतर, आधी तो बोलणाऱ्याबद्दलचा पुरावा. म्हणून प्रत्येक उद्धरणाशेजारी तीन गोष्टी लिहायची सवय लावा : तारीख, त्या दिवशी बोलणाऱ्याच्या जागा, आणि पुढे त्याने प्रत्यक्षात काय केलं. दोन्हीकडून मार खाणारा माणूस मध्ये उभा असतोच असं नाही, दोघांच्या वाटेत उभा असला तरी मार बसतो. आणि हो, 'मध्यममार्गी' हे लेबल लापिड स्वतःही लावून घेतात. तीही एक साक्षच, तिलाही हेच तीन प्रश्न विचारा.

माझं ते वाक्य मी खोडलं. त्या जागी आता एक तक्ता आहे, तारखांचा. वाक्यापेक्षा तो कंटाळवाणा आहे, पण व्हायवात त्याच्या आधाराने उत्तर देता येईल.