ओव्याचे सत्त्व आणि एंजल बेट : रोग एक, न्याय दोन

१/८
सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल बेटावर जानेवारी १९१० मध्ये स्थलांतरितांचे स्थानक सुरू झाले. आशियातून आलेल्या प्रवाशांना चौकशी पुरी होईपर्यंत तेथे कुलूपबंद बराकींत ठेवले जाई. गुन्हा कोणताही नसे. तरी मुक्काम काही दिवसांपासून अनेक महिन्यांपर्यंत लांबे.

२/८
चिनी मजुरांना रोखणारा कायदा १८८२ पासूनच होता. भारतीयांना वंशावरून अडवणारा कायदा मात्र १९१० मध्ये नव्हता. त्यांना परत धाडावे, असा एशियाटिक एक्सक्लूजन लीगसारख्या संघटनांचा दबाव होता. मग कारण कोठून आणायचे?

३/८
कारण वैद्यकशास्त्राने पुरवले. १८९१ च्या कायद्यानुसार ‘धोकादायक संसर्गजन्य रोग’ असलेल्यास प्रवेश नाकारता येई. १९१० मध्ये अंकुशकृमीचा विकार या वर्गात घातला गेला. एंजल बेटावर प्रवाशांच्या शौचाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जाऊ लागले. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरणाऱ्या युरोपीयांची अशी सरसकट तपासणी होत नसे.

४/८
वस्तुतः हा कृमी माणसाकडून माणसाकडे थेट जात नाही. विष्ठेतून त्याची अंडी मातीत पडतात आणि पुढे अळ्या अनवाणी पायांच्या त्वचेतून शरीरात शिरतात. शौचकूप आणि पादत्राणे यांनी तो आटोक्यात येतो.

५/८
अमेरिकेला हे ठाऊक नव्हते काय? होते. १९०२ मध्ये चार्ल्स स्टाइल्स यांनी तेथील अंकुशकृमीची जात ओळखली होती. ती आज ‘नेकेटर अमेरिकॅनस’ म्हणजे ‘अमेरिकी मारेकरी’ या नावाने ओळखली जाते. दक्षिणेकडील राज्यांत पाहणी झालेल्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुले बाधित आढळली.

६/८
त्यांच्यासाठी रॉकफेलर यांनी १९०९ मध्ये १० लाख डॉलर दिले. गावोगावी दवाखाने भरले, औषध फुकट वाटले गेले. हे औषध म्हणजे थायमॉल, आपल्या ओव्याचे सत्त्व! पहिल्या महायुद्धापूर्वी ते मुख्यतः भारतातून जर्मनीला जाणाऱ्या ओव्यापासूनच काढले जाई.

७/८
एंजल बेटावरही रुग्णालय होते आणि उपचारही होते. पण त्यासाठी वरून परवानगी लागे आणि खर्च रुग्णाच्या माथी पडे. कर्ज काढून आलेल्या मजुराला तो कसा परवडावा? ज्याच्या देशातून औषधाचा कच्चा माल येई, त्यालाच त्या औषधावाचून परतीच्या बोटीत बसवले जाई.

८/८
१९१७ च्या कायद्याने भारतीय मजुरांना थेट बंदी घातली. आता कृमीची सबब अनावश्यक झाली. येथे डॉक्टरांच्या व्यक्तिगत दुष्टपणापेक्षा रचनेचा दोष मोठा आहे. ज्या खात्याला माणूस परत पाठवायचा आहे, त्याच्याच आवारात रोगनिदान होऊ लागले, की निदानाचा निवाडा होतो. स्थानबद्धांच्या आरोग्याचा कोणताही दस्तऐवज वाचताना पहिला प्रश्न हाच विचारावा : हा वैद्य रुग्णाला बांधील होता, की कुलूप लावणाऱ्याला?