रेघेपेक्षा आकडा मोठा

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतला डिझायनर संगणकावर फ्लँज काढायला बसला, की आधी दोन वर्तुळे अंदाजानेच टाकतो. मापे नंतर. तोवर सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये रेघा निळ्या दिसतात, म्हणजे आकृती अजून मोकळी आहे. प्रत्येक वर्तुळाला मोकळीक तीन: आडवे सरकणे, उभे सरकणे आणि लहान-मोठे होणे. दोघांची मिळून सहा. एकाचे केंद्र मूळबिंदूवर खिळवले, दोन गेल्या. दुसरे एककेंद्री केले, आणखी दोन गेल्या. बाहेरचा व्यास 150, आतला 100 दिला, की रेघा काळ्या होतात. आता जाडी 25 असे आणखी एक माप घालून बघा. सॉफ्टवेअर लगेच अडवते, कारण ती जाडी दोन व्यासांतून आधीच ठरलेली असते.

या अडवण्याचे मूळ संगणकाच्या कितीतरी मागे आहे.

कोल्हापुरात यंत्रे घडली ती आधी नमुन्यावरून. चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी आपला सिनेमा कॅमेरा याच गावात तयार केला. पुढे उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी जुना भाग समोर ठेवून, कॅलिपर लावून ऑइल इंजिनाचे भाग उतरवले. माप वस्तूतच होते. पॅटर्नवाला मात्र तेव्हाही हिशेब करायचा: बिडाचे कास्टिंग थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणून त्याची पट्टीच तेवढी लांब आखलेली.

कागद आला आणि माप वस्तूतून निघून आकड्यात गेले. ‘ड्रॉइंगवर पट्टी लावून मोजू नका’ ही सूचना कित्येक नकाशांवर छापलेली असते. कागद आकसतो, प्रिंट ताणली जाते. रेघ खोटी ठरली तरी आकडा खरा. पण आकडे दोन झाले आणि ते जुळले नाहीत, तर टर्नरने कोणाचे ऐकायचे? म्हणून एक माप एकदाच द्यायचे, ही शिस्त पॉलिटेक्निकच्या पोरांना पहिल्या वर्षीच लावतात.

1963 मध्ये अमेरिकेत एमआयटीच्या आयव्हन सदरलँडने टीएक्स-2 या संगणकावर ‘स्केचपॅड’ करून दाखवले. प्रकाश-लेखणीने पडद्यावर ओबडधोबड रेघा ओढायच्या आणि त्या समांतर कर, काटकोनात आण, असे सांगायचे. प्रोग्राम चूक थोडीथोडी कमी करत आकृती जुळवून आणायचा. आकडा रेघेचा मालक झाला तो इथे.

कारखान्यापर्यंत ही गोष्ट पोचायला वेळ लागला. ऑटोकॅड 1982 मध्ये आले, पण बरीच वर्षे ते विजेवर चालणारा ड्रॉइंग बोर्डच होते: रेघ आधी, माप नंतर. 1980च्या दशकाच्या अखेरीस प्रो-इंजिनिअर या सॉफ्टवेअरने आकडा बदलला की मॉडेल बदलते हे बाजारात रुजवले. ऑटोकॅडमध्ये अशी बंधने 2010च्या आवृत्तीत आली.

मेस्त्रीच्या हातातले माप कागदावर गेले, कागदावरून आज्ञेत गेले. एक गोष्ट मात्र बदललेली नाही. काळी रेघ एवढेच सांगते, की आकृती पूर्ण बांधली गेली. माप कुठून धरायचे, जॉब चकमध्ये कुठल्या तोंडावर बसेल, हे ती सांगत नाही. नव्या डिझायनरांनो, स्केच काळे झाल्यावर फाइल पुढे पाठवण्याआधी एकदा पॅटर्न शॉपमध्ये आणि लेथवर जाऊन या. मापे तिथे विचारून द्या.