उन्हाचे माप

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा विजेचे प्रकाशमापक यंत्र कोठे होते? डोळा हेच माप! अंदाज चुकला की चित्र काळवंडे, नाहीतर फटफटीत होई. मग सरस्वतीबाईंनी फिल्म धुण्यात घातलेले श्रमही फुकट जात.

पुढे १९३२ च्या सुमारास अमेरिकेत वेस्टनचे यंत्र आले. पण तेही फसते, वाचकहो! वस्तूवरून परतणारा प्रकाश मोजला, तर पांढऱ्या रंगालाच ते लख्ख ऊन समजते. म्हणून सोनाळ्याच्या फुटलेल्या कपाशीत उभ्या माणसाचे छायाचित्र घ्यायचे, तर बोंडांवरून परतणारे नव्हे, त्याच्या चेहऱ्यावर पडणारे ऊन मोजावे. नाहीतर कापूसही करडा दिसेल आणि कष्टकरी अंधारात राहील!